स्वस्त विजेच्या गाडीची वाट कशी पाहावी

विजेची गाडी कशी घ्यावी हे सांगायला शोरूममध्ये टाय लावलेली माणसं बसलेली असतात. ती चहा पाजतात, नंबर लिहून घेतात आणि पुढचे सहा महिने फोन करतात. पण गाडी न घेता, आता घेतोच आहोत अशा बेतात वर्षानुवर्षं कसं राहावं, हे कुणी शिकवत नाही. ज्यानं त्यानं धडपडत शिकायचं. पेट्रोलनं शंभरी गाठल्यापासून या विद्येकडे वळणाऱ्यांची संख्या भलतीच वाढली आहे आणि पाया मात्र कच्चा राहतो आहे. काही उतावळ्यांनी तर गाडी घेऊनही टाकली. तशी वेळ इतरांवर येऊ नये म्हणून हा प्राथमिक पाठ.

लागणारं साहित्य

चालू स्थितीतली एक पेट्रोलची गाडी, वय सात ते बारा वर्षं. एक मोबाइल. एक मेव्हणा. मेव्हण्याला गाड्यांतलं कळतं असा घरात समज असावा; त्याला खरोखर कळत असेल तर दुसरा शोधावा. स्वतःच्या मालकीची पार्किंगची जागा असल्यास उत्तम, नसल्यास अधिक उत्तम. कारण पुढे येईल.

धडा पहिला : पंपावर

पंपावरचा पोरगा "काका, झिरो बघा" म्हणेल. झिरो बघावा. त्यानंतर नजर लिटरवर न ठेवता रुपयांवर ठेवावी. नोझल बाहेर आलं की विचारावं, "काय रे, परत वाढलं?" तो म्हणेल, "नाही काका, कधीपासून तेवढंच आहे." आपण मान हलवून म्हणावं, "वाढतंय, वाढतंय." भाव जागचा हललेला नसतानाही तो चढतो आहे असं वाटत राहिलं पाहिजे. ज्याला हे साधलं त्याचा पहिला धडा झाला.

पूर्वीच्या लोकांना हे शिक्षण आयतं मिळे. भाव मध्यरात्री वाढायचा, रात्रीच्या बातम्यांत कळायचं आणि अर्धं गाव लिटरमागे दीड रुपया वाचवायला स्कूटर काढून पंपाकडे धावायचं. रांगेत इंजिन चालू ठेवून दीड रुपयाचं पेट्रोल तिथेच जळायचं, पण घरी येताना जिंकल्यासारखं वाटायचं. १६ जून २०१७पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले आणि ती मजा गेली.

भाव कशामुळे वाढतो, असं कुणी विचारलं की नवशिका लगेच कच्च्या तेलाकडे धावतो. बॅरल, डॉलर, आखाती देश. आपण लागतं त्यातलं बहुतेक सगळं तेल आयात करतो, त्यामुळे हे उत्तर चूक नाही. पण त्यावर मार्क मिळत नाहीत. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसे घ्या, अशी अवस्था. आपल्याकडे पंधरा दिवसांत केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं, आणि जूनमध्ये पंपावरचा भाव सलग तीन आठवडे रोज चढला. उलट ४ नोव्हेंबर २०२१ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पेट्रोलवरचं शुल्क ५ रुपयांनी कमी झालं. त्यानंतर रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, आणि आपला भाव ढिम्म. उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा इथल्या निवडणुकांचे निकाल १० मार्च २०२२ला लागले. २२ मार्चपासून भावाला एकदम जाग आली. रोज सकाळी ८० पैसे, ८० पैसे असं करत सोळा दिवसांत दहा रुपये. तेव्हा बॅरलपेक्षा निवडणूक आयोगाकडे लक्ष ठेवावं.

राज्य सरकारची करामत वेगळी अभ्यासावी लागते. २०१५मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे २ रुपये अधिभार बसला. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गालगतची दारूदुकानं बंद केली, सरकारचं उत्पन्न बुडालं आणि पेट्रोलवर आणखी ३ रुपये आले. म्हणजे दुसऱ्यानं न घेतलेल्या दारूचे पैसे आपण आपल्या टाकीतून भरले. कारण संपलं की अधिभारही संपतो, असा समज नवशिक्यानं करून घेऊ नये.

परभणीकरांनी हा धडा सोडून दिला तरी चालेल. त्यांच्याकडे टँकर मनमाडजवळच्या डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटर तुडवत येतो आणि भाडं भावात मिसळतं, म्हणून राज्यात सगळ्यांत महाग पेट्रोल कुठे, या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं तेच. मुंबईत शंभरी झाली तेव्हा टीव्हीवाले ऊर बडवत होते. परभणीकरांनी ती बातमी शंभरी मागे टाकून पाहिली.

आणखी एक तक्रार अलीकडे उपलब्ध झाली आहे: अ‍ॅव्हरेज पडलं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. किती, यावरून सरकार आणि गाडीवाले यांच्यात २०२५च्या पावसाळ्यात बरीच जुंपली होती. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांनी मात्र जपून. सकाळी पंपावर इथेनॉलला शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी कारखान्यानं त्याच इथेनॉलच्या जोरावर उसाचं बिल लवकर काढावं म्हणायचं, याला सराव लागतो.

निषेध कसा नोंदवावा? नोव्हेंबर १९७३मध्ये तेल भडकलं तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. हल्ली ते करू नये. खिलारी जोडीचा भाव एकदा विचारून पाहा, पेट्रोल परवडेल.

धडा दुसरा : येऊ घातलेली गाडी

आलेली गाडी वाट पाहण्याच्या कामाची नाही, हा मूळ नियम. आलेल्या गाडीला किंमत असते, रंग असतात आणि डिकी लहान असते. येऊ घातलेल्या गाडीत यातलं काहीही नसतं. तिला फक्त रेंज असते.

आपली परंपरा जुनी आहे. २००१मध्ये बंगळूरूची विजेवरची रेवा आली. दोन मोठी माणसं, मागे दोन मुलं, आणि ती मुलं कुणाची तरी फार लाडकी नसावीत इतकीच जागा. लंडनमध्ये मध्यवर्ती भागात शिरायचा कर तिला माफ होता म्हणून तिथे ती बऱ्यापैकी खपली. आपण तिला रस्त्यात थांबून हसलो. २००८मध्ये नॅनो दाखवली गेली, एक लाखाची. २०१०मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिचं विजेवरचं रूपही मांडलं होतं. ते बाजारात कधीच आलं नाही, पण मोबाइलवर दर सहा महिन्यांनी येतं: नवी नॅनो, विजेवर, एका चार्जिंगमध्ये इतके शे किलोमीटर, किंमत अमुक हजार, आणि खाली एखाद्या परदेशी गाडीचा फोटो. हा मेसेज खोटा आहे असं सांगणाऱ्याचा ग्रुपवर रोष होतो. सांगू नये. 'वा! टाटाच करू शकतात' असं लिहून हात जोडलेले दोन इमोजी टाकावेत.

घरच्या आघाडीवर मुंबईच्या पीएमव्ही कंपनीनं नोव्हेंबर २०२२मध्ये 'ईझी' नावाची दोघांपुरती चिमुकली गाडी ४ लाख ७९ हजारांना जाहीर केली; दोन हजार भरून बुकिंग. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीनं जानेवारी २०२५मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात 'एवा' मांडली, छतावर सौर पॅनेल, किंमत सव्वातीन लाखांपासून, बॅटरीचं भाडं वेगळं. पुणेकराला ही गाडी आतून पटली. उन्हात उभी केली की फुकट चालते, हे ऐकल्यावर आणखी काय हवं? फक्त पुण्यात गाडी सावलीत लावायला जागा मिळाली तर सोडायची कशी, हा पेच पडणार आहे.

आता नितीन गडकरी. या विषयातला त्यांचा अभ्यास वादातीत आहे आणि वाट पाहणाऱ्यांचं त्यांच्याइतकं भलं कुणी केलेलं नाही. जून २०२२मध्ये त्यांनी सांगितलं की वर्षभरात विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांच्या किमतीला येतील. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यांनी सांगितलं की चार ते सहा महिन्यांत येतील. टीकाकार यात विसंगती काढतात. मला यात प्रगती दिसते: मुदत सरळ निम्म्यावर आली.

आणि टेस्ला. तिची वाट आपण दहा वर्षं पाहिली. १५ जुलै २०२५ला वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडलं आणि किंमत निघाली ५९ लाख ८९ हजार. पहिली गाडी राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली, नातवासाठी. एसटी ज्यांच्या खात्यात येते त्यांनी नातवाला टेस्ला घ्यावी यात काही गैर नाही. एसटीनं शाळेत जाणाऱ्या नातवंडांचे आजोबा वेगळे. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता, तो मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत मागे घेतला. त्यामुळे निदान ही गाडी तरी 'परवडणारी' ठरायला मदत झाली.

वाट पाहणं मूर्खपणाचं आहे, असं मात्र समजू नका. गाडीत सगळ्यांत महाग असते ती बॅटरी आणि ती खरोखर स्वस्त होत गेली आहे. एक युनिट वीज साठवेल एवढ्या बॅटरीला २०१०मध्ये हजार डॉलरहून जास्त पडायचे. २०२४मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलरच्या आसपास होती. एमजीची कॉमेट २०२३च्या एप्रिल महिन्यात ७ लाख ९८ हजारांना आली, पुढच्या फेब्रुवारीत ६ लाख ९९ हजारांवर उतरली. ज्यानं नऊ महिने कळ काढली त्याचे लाख रुपये वाचले. तो खूश झाला, सगळ्यांना सांगत सुटला आणि म्हणाला, "बघा, अजून उतरेल." सप्टेंबर २०२४मध्ये तीच गाडी बॅटरी भाड्यानं घेण्याच्या योजनेत ४ लाख ९९ हजार झाली, वर किलोमीटरमागे अडीच रुपये. "भाड्याची बॅटरी म्हणजे आपली गाडी कुठे?" असं म्हणून त्यानं तेव्हाही घेतली नाही. हा आदर्श विद्यार्थी.

धडा तिसरा : गणित

हा भाग ऑप्शनला टाकावा. गणित केलं की वाट संपण्याचा धोका असतो. तरीही ज्यांना राहवत नाही त्यांच्यासाठी.

पेट्रोल १०४ रुपये धरा आणि शहरात सोळाचं अ‍ॅव्हरेज. किलोमीटरला साडेसहा रुपये. छोटी विजेची गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते असं धरा, आणि घरचं युनिट सगळे आकार मिळून १२ रुपयांना. किलोमीटरला एक रुपया सत्तर पैसे. फरक चार रुपये ऐंशी पैशांचा. आता विजेची गाडी तीन लाखांनी महाग आहे असं समजा. हे तीन लाख फिटायला साडेबासष्ट हजार किलोमीटर चालवावं लागेल.

इथे वाचकांचे दोन भाग पडतात. जो कात्रजहून हिंजवडीला किंवा डोंबिवलीहून नवी मुंबईला रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर घासतो त्याचे पैसे साडेतीन वर्षांत वसूल. ज्याची गाडी रविवारी मंडईत, महिन्यातून एकदा सासुरवाडीला आणि मे महिन्यात एकदा महाबळेश्वरला जाते, त्याचं महिन्याला पाचशे किलोमीटर भरलं तरी पुष्कळ. त्याला दहा वर्षांहून जास्त लागतील. बॅटरीची वॉरंटी साधारणपणे आठ वर्षांची असते. म्हणजे फायदा सुरू व्हायच्या आत वॉरंटी संपलेली.

गंमत अशी की पेट्रोलवर सगळ्यांत जास्त बोलतो तो हा दुसरा. पहिल्याला बोलायला वेळ नसतो, तो वाकडच्या पुलाखाली अडकलेला असतो.

गणितात आणखी फाटे फोडता येतात आणि वाट लांबवायची तर फोडावेतच. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळचा मोटार वाहन कर माफ. पेट्रोलच्या छोट्या गाडीला तो अकरा टक्क्यांच्या घरात पडतो. म्हणजे तीन लाखांचा फरक प्रत्यक्षात कमी होतो. पण २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, म्हणजे फरक पुन्हा वाढला. पेट्रोल महाग आणि पेट्रोलची गाडी स्वस्त, असा योग सरकारनं जुळवून आणला. यावर चहाचे चार कप सहज निघतात. बाहेरच्या चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या पुढे मोजावे लागतात, वर सेवा म्हणून १८ टक्के जीएसटी. म्हणजे किलोमीटरचा खर्च तीन रुपयांच्या वर गेला. घरी प्लग नसलेल्याचं निम्मं गणित इथेच कोसळतं. म्हणून पार्किंगची जागा नसलेला माणूस या विद्येत जन्मतः पुढे असतो.

रेंजचं गणित वेगळं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे. पहाटे फिरायला जाणारे अख्ख्या टेकडीलाच तिच्या नावानं ओळखतात. अशा संस्थांच्या चाचणीत टाटाच्या विजेवरच्या टियागोला मोठ्या बॅटरीवर ३१५ किलोमीटर मिळाले होते. रस्त्यावर दोनशेच्या आसपास धरावेत. कुणी फसवत नाही. चाचणीत वेग ठरलेला असतो, आणि तिथे घाट नसतो, एसी नसतो, मागच्या सीटवर आत्या आणि डिकीत तिच्या लोणच्याच्या बरण्या नसतात.

धडा चौथा : सोसायटीची सभा

ज्यांच्याकडे स्वतःचं पार्किंग आहे आणि ज्यांचं गणितही दुर्दैवानं जमलं आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. अजून सोसायटी आहे.

चार्जिंगच्या परवानगीचा अर्ज वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात, गच्चीच्या गळतीनंतर येतो. गळतीवर सव्वा तास झालेला असतो. वडे गार झालेले असतात. पुढचं कामकाज साधारण असं चालतं.

सेक्रेटरी : यांना गाडी चार्ज करायला पार्किंगमध्ये प्लग हवाय.

चौथ्या मजल्यावरचे काका : आग लागली तर?

खजिनदार : वीज कॉमन मीटरची वापरणार का?

अर्जदार : नाही हो, माझ्याच मीटरवरून केबल आणतो. नाहीतर महावितरण चार्जिंगला वेगळं मीटर देतंच, वेगळ्या दरानं.

खजिनदार : केबल येणार कुठून?

अर्जदार : डक्टमधून.

खजिनदार : डक्ट कॉमन आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी : एकाला दिलं की सगळे मागतील.

काका : आणि आग लागली तर?

सगळे एकाच वेळी बोलू लागतात. कुणीतरी २०१९पासून रखडलेल्या लिफ्टच्या रंगाचा विषय काढतं. या सगळ्या गदारोळात एकच कामाचा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारतो पाण्याच्या पंपासाठी बोलावलेला वायरमन, दाराशी उभा राहून: "साहेब, बिल्डिंगचा सँक्शन लोड किती आहे?"

कुणाला माहीत नसतं. खरी मेख तिथेच आहे. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर छोटी गाडी तीन किलोवॉटच्या आसपास ओढते, रात्रभर. एक गाडी म्हणजे काहीच नाही, गीझर लावल्यासारखं. पण दहा गाड्या रात्री अकराला एकदम लागल्या तर तीस किलोवॉट, आणि १९९०च्या दशकातल्या इमारतीचा मंजूर भार ठरवताना टीव्ही, फ्रिज, पंखे आणि फार तर एखादा एसी एवढंच कुणाच्या डोक्यात होतं. भार वाढवून घेता येतो, सगळ्यांच्या गाड्या पाळीपाळीनं चार्ज करणारी यंत्रं बसवता येतात. वायरमन हे सांगणार इतक्यात अध्यक्ष त्याला पंपाकडे पाठवतात आणि विषय उपसमितीकडे जातो. उपसमितीत काका असतात.

वाट पाहणाऱ्यानं या सभेला न चुकता हजर राहावं. घरी येऊन म्हणावं, "मी तर आज घेतली असती. पण सोसायटी..."

धडा पाचवा : दुसऱ्याच्या गाडीत बसणं

मेव्हण्यानं घेतलेली असते. मेव्हणे घेतात. त्याच्याबरोबर एकदा लोणावळ्याला जाऊन यावं, म्हणजे माहिती पक्की होते.

जाताना द्रुतगती मार्गावर तो टोल माफ असल्याचं दोनदा सांगेल. ऑगस्ट २०२५पासून विजेच्या मोटारींना तिथे, समृद्धीवर आणि अटल सेतूवर टोल नाही, हे खरं आहे. मान डोलवावी. घाट चढताना टक्के भराभर उतरतात. तेव्हा त्याच्याशी बोलू नये, तो एसी बंद करायचा की नाही या विचारात असतो. फूड मॉलवर चार्जरपाशी दोन गाड्या आधीच असतील आणि त्यातल्या एकीचा मालक मिसळ खायला गेलेला असेल. त्या मालकाला शोधत टेबलांमधून फिरणारा मेव्हणा हे दृश्य मनात साठवून ठेवावं, पुढे अनेक लग्नकार्यांत उपयोगी पडतं.

परतताना मात्र सावध. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना तो पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढतो. गाडी आपली आपण रोखली जाते, मोटर जनरेटरसारखी चालून वीज बनवते, आणि पडद्यावरचा आकडा वाढायला लागतो. ४१. थोड्या वेळानं ४२. ब्रेकला पाय लागलेला नसतो. शेजारून ट्रक ब्रेक जाळत, करपलेला वास सोडत उतरत असतात आणि इकडे उतार गाडीत जमा होतो आहे. ४३. याक्षणी अनेकांचा संयम सुटतो आणि तोंडातून निघून जातं, "किती दिवसांनी मिळाली रे तुला डिलिव्हरी?" असं काही होऊ लागल्यास खिडकीबाहेर बघावं आणि ही वीज शेवटी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाचीच, हे आठवावं. राज्यातली बरीचशी वीज कोळशाची आहे, त्यामुळे मुद्दा खराच आहे; पेट्रोलची गाडी मोगऱ्याच्या अर्कावर चालते असं मात्र मेव्हण्यानं म्हणू नये म्हणजे झालं.

मुंबईकर वाचकांना इथे हसू येईल. ते ३ फेब्रुवारी १९२५पासून, बोरीबंदर ते कुर्ला लोकल सुरू झाल्यापासून, विजेवर कामाला जातायत. पुण्याच्या पीएमपीच्या विजेच्या बस २०१९मध्ये आल्या, एसटीची 'शिवाई' जून २०२२मध्ये नगर-पुणे धावली. परवडणारं, मोठं, शांत आणि चालवायला वेगळा माणूस असलेलं वाहन थांब्यावर येऊन उभं राहतं. पण थांबा जरा लांब आहे आणि तिथवर जायला गाडी लागते.

अपेक्षित प्रश्न

दहावीच्या धर्तीवर हे पाठ करून ठेवावेत.

पेट्रोल आणि वीज सोडून सीएनजी कसा?

पुढच्या वाटेसाठी उत्तम. गाडी घेईपर्यंत भावाची वाट, घेतल्यावर रांगेतली वाट. डिकीत सिलिंडर असल्यानं बॅगा मांडीवर घ्याव्यात.

केंद्राची सबसिडी येईल का?

फेम-२ योजनेत खासगी मोटारींना काही नव्हतं. तिच्या मागोमाग आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर सवलत होती, ती मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती. ही सवलत पुन्हा सुरू होणार आहे असं तुमच्या सीएनं सांगितलं असेल, तर तोही वाट पाहणाऱ्यांतलाच.

हिरवी नंबर प्लेट पाहून पोट दुखतं. उपाय?

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर जावं. माणगावच्या कोंडीत सगळ्या रंगांच्या प्लेट सारख्याच उभ्या असतात. तिथे एक गोष्ट मात्र लक्षात येईल: थांबलेल्या विजेच्या गाडीची वीज एसीपुरतीच खर्च होते आणि तुमचं इंजिन पेट्रोल पीत असतं. ती लक्षात आणू नये.

सॉलिड स्टेट बॅटरी म्हणजे काय?

म्हणजे आणखी पाच वर्षं.

स्वस्त गाडी खरोखरच आली तर?

पहिल्या लॉटमध्ये खोट निघते. दुसरा लॉट बघावा. तोवर सात आसनांची येतेय का, याची चौकशी चालू ठेवावी. बुकिंग केलंच तर रक्कम परत मिळते ना, हे विचारून घ्यावं.

आमच्या दूधवाल्यानं विजेची स्कूटर घेतली आहे. तो कुठे काही बोलत नाही, पण पेट्रोलच्या भावावर आमच्याशी गप्पा मारायला थांबेनासा झाला आहे. त्याला काय पटवून द्यावं?

काही नाही. तो पहाटे चारपासून ऐंशी किलोमीटर फिरतो आणि त्याला दर किलोमीटरचा खर्च पैशांत पाठ असतो. अशा माणसाशी या विषयावर बोलू नये. पिशवी घ्यावी, मागच्या महिन्याचा हिशेब चुकता करावा.